डबामामाचं पाणी

कुठल्याही शाळेच्या कार्यक्रमाला गेले, की माझी ओळख करून देणारा माणूस न चुकता सांगतो, "मॅडमनी वयाच्या पंधराव्या वर्षी, खेड्यात राहून, मुलांसाठी यंत्रमानव तयार केला होता." मग टाळ्या. मी खाली बघते. लोकांना वाटतं, काय विनय आहे बाईंचा! विनय कसला डोंबलाचा. मला लाज वाटते म्हणून मी खाली बघते. पण ते माइकवर सांगता येत नाही, आणि पुढं दोन-तीन तास पोरांचे रोबो तपासायचे असतात.

परवाच्या प्रदर्शनात एका मुलीनं उदास मुलांना हसवणारा रोबो केला होता. गुबगुबीत, डोळे मिचकावणारा, "तू खूप छान आहेस" असं म्हणणारा. मी तिला विचारलं, "ही मुलं उदास कशानं झालीत?" ती म्हणाली, "ते रोबोला माहीत असायची गरज नाही, मॅडम." मी तिला पहिला नंबर दिला. मलाही तो असाच मिळाला होता.

आमचं गाव पिंगळी स्टेशनपासून पाऊण तासाच्या चालीवर. बाबा गावच्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन मास्तर, एक शिपाई. मी तेव्हा परभणीच्या हायस्कुलात नववीला होते. सकाळच्या गाडीनं जायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायची. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला त्याला चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गावात एकही घर जळालं नव्हतं आणि बाबांना ह्याचा फार अभिमान होता. बौद्धवाड्यातली माणसं तेव्हा पंधरा दिवस लेकरंबाळं घेऊन पाव्हण्यांकडं जाऊन राहिली होती, ही गोष्ट त्या अभिमानात धरलेली नव्हती. ती परत आली, कामाला लागली, गाव शांत झालं. तेव्हापासून बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आत्ता कुठं शांत झालंय." शाळेत काही बदलायचं कुणी सुचवलं की ते हे वाक्य म्हणायचे आणि विषय तिथंच संपायचा.

बाबा वाईट माणूस होते असं कुणी म्हणायचं नाही, मी तर नाहीच. सगळ्या जातींची लेकरं त्यांनी एका सतरंजीवर बसवली होती, आणि त्यासाठी गावातल्या दोन-तीन दांडग्या लोकांशी भांडण घेतलं होतं. पण माणसाच्या अंगात भांडण्याची ताकद मोजकीच असावी. बाबांची सगळी त्या सतरंजीवर खर्च झाली आणि रांजणापाशी पोचेपर्यंत काही शिल्लक राहिली नाही.

रांजण व्हरांड्याच्या कोपऱ्यात होता. झाकणावर एक पेला आणि लांब दांडीचं ओगराळं. गावातली पोरं ओगराळं बुडवायची, पेला भरायची, प्यायची, पेला पालथा घालायची. बौद्धवाड्यातली पोरं जरा अंतरावर ओंजळ करून उभी राहायची आणि शिपाईमामा वरून पाणी सोडायचे. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. बाबा म्हणायचे, "आपल्या शाळेत भेदभाव बिलकुल नाही. ही फक्त सोय आहे." सोय होती हे खरं, फक्त ती शिपाईमामांबरोबर गावभर हिंडायची. ते टपाल घेऊन परभणीला गेले, कुणाच्या लग्नात वाढायला गेले, नुसते घरी जाऊन झोपले, तरी सोय गेली.

बौद्धवाड्यातली एक पोरगी दुसरीत होती. सात वर्षांची, बारीक चणीची, आणि पाढे म्हणायला लय तिखट. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवायची. मला स्वतःला तो सुलटा येत नव्हता, म्हणून मी तिच्याशी जरा जपूनच बोलायची. तिची एकच खोड होती. पाणी ती एकदाच मागायची. मिळालं तर मिळालं. दुसऱ्यांदा तोंड उघडायची नाही. हळूहळू ती एकदाही मागेनाशी झाली. सकाळी घरून पिऊन यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन प्यायची. भादव्यातलं ऊन कसं असतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. एक दिवस शाळा सुटायच्या प्रार्थनेला उभी असताना ती धाडकन खाली पडली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या फाटकापाशी आली. लोकांच्या शेतात रोजानं जाणारी बाई, पदर खोचलेला, हातात खुरपं. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"गुरुजी, पिंगळीच्या डाक्टरला दाखिवलं. लघवीची आग होयलीय तिला. डाक्टर म्हनतो दिसभर पाणी पाजा. घरी मी पाजते. शाळंत कोन पाजल?"

"मी शिपायाला सक्त ताकीद देतो," बाबा म्हणाले.

"शिपाई कुठं असतो ते तुमाला तरी ठाऊक असतं का?" ती म्हणाली. "म्या दिवाळीपतुर बघते, गुरुजी. जमलं तर ठीक. न्हाई तर नाव काढते अन् कापूस येचायला संगं नेते. तिथं निदान घागर तरी माही असती."

ती गेली. बाबांनी फाटक लावलं. "तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. मी वाट बघत होते. "पण आत्ता कुठं शांत झालंय," असं म्हणून ते आत गेले आणि त्यांनी पेपर उघडला.

मला राग आला. पंधराव्या वर्षी येतो तसला, भांडी आपटणारा राग. आणि त्या रागात मला माझी महान कल्पना सुचली. मुलांच्या एका मासिकात जपानच्या यंत्रमानवाचं चित्र आलं होतं. हातात चहाचा ट्रे घेऊन उभा होता बिचारा. मी म्हटलं, माणसाला लाज वाटते, माणूस गावाला जातो, माणूस घाबरतो. यंत्राचं तसं नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'यंत्राला जात नसते.' हे वाक्य मला इतकं आवडलं, की त्यापुढं आणखी विचार करायची गरजच वाटली नाही.

महिनाभर मी परसात पत्रा ठोकत होते. छातीला पंधरा किलोचा तेलाचा डबा, डोक्याला वनस्पती तुपाचा गोल डबा. पिंगळीच्या बाजारात भांड्यांना डाख देणारा बसायचा, त्याच्याकडून दोन्ही जोडून घेतले. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं सलाइनची कोरी नळी दिली. ती छातीतून निघून पत्र्याच्या हातातून तळव्यापर्यंत यायची, आणि कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यानं मधेच दाबून धरलेली असायची. खाली जुन्या शिलाई मशीनचा पायटा होता. पायट्यावर पाय दिला की दोरी ओढली जायची, चिमटा उघडायचा आणि तळव्यातून पाणी पडायचं. त्याच दोरीनं बॅटरीचे सेल जोडले जायचे आणि डोळ्यांतले दोन बल्ब लागायचे. पाय काढला की पाणी बंद, डोळे बंद. आजही सांगते, यंत्र म्हणून त्यात खोट नव्हती.

ज्या पोरीसाठी हे चाललं होतं तिलाच मी मापाला बोलावलं. तिची ओंजळ कुठं येते, पाय कुठवर पोचतो, हे बघायला ती शाळा सुटल्यावर रोज परसात येऊन बसायची आणि बडबड करायची.

"ताई, ह्यो जेवत न्हाई का?"

"नाही."

"मंग ह्याला मार बी पडत न्हाई?"

"त्याला कोण मारेल?"

"लय बरंय त्याचं," ती म्हणायची.

आई मधूनच बाहेर यायची. मला स्टीलच्या पेल्यात ताक द्यायची, आणि त्या पोरीला पेरू. पेरू तिच्या हातावर वरून सोडायची. आईचा तिच्यावर जीव होता; चांगला पिकलेला पेरू ती मुद्दाम तिच्यासाठी काढून ठेवायची. मी हे सगळं बघत होते आणि मला त्यात काहीएक दिसत नव्हतं. मी चिमट्याची स्प्रिंग घट्ट करत होते.

पहिल्यांदा डोळे लागले तेव्हा पोरगी इतकी हरखली, की ओंजळ करायचीच विसरली. पाणी सगळं तिच्या पायांवर. "बघितलं! माझ्याकडं बघितलं त्यानं!" ती ओरडली. मग तिनं पोटभर पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं आणि त्याचं बारसंही करून टाकलं. शाळेतल्या शिपायाला पोरं मामा म्हणत, म्हणून हा डबामामा.

दसऱ्याच्या आधी डबामामा शाळेच्या व्हरांड्यात, रांजणाच्या शेजारी उभा राहिला. पहिले दोन-तीन दिवस काय वर्णावे! रांजणाकडं कुणी ढुंकून बघेना. सगळी शाळा त्या एका पायट्यापुढं रांगेत. दांडग्या घरचा नातू त्या पोरीच्या मागं उभा राहून "सरक ना लवकर" म्हणून तिला ढोसत होता, आणि ती "माझा मामा हाय, थांब जरा" म्हणून त्याला दटावत होती. मी दुपारच्या गाडीनं उतरले की तशीच दप्तरासकट शाळेत जायची, हे डोळे भरून बघायला. पोरगी दिवसातून सहा वेळा पाणी प्यायची आणि सहा वेळा बाहेर जायची परवानगी मागायची. दुसरे गुरुजी वैतागले होते. तिच्या चेहऱ्यावर तकाकी आली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. एका तेलाच्या डब्यानं जे केलं ते मोठमोठ्या पुढाऱ्यांना जमलं नाही, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आले. त्यांनी डबामामाला मागून-पुढून बघितलं. हातातल्या काठीनं पायटा दाबला. डोळे लागले, पाणी पडलं. अध्यक्ष खूश झाले.

"वा! गुरुजी, पोरीनं तुमच्या डोकं लढवलं. लय दिवसांची तकलीफ गेली बघा. आता ह्यांचं ह्यांना झालं, अन् आपलं आपल्याला. कुनी कुनाला बोलायची गरज न्हाई."

बाबांनी ह्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. बाबांनी त्यांना चहा पाजला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी फार दिवसांनी बघितलं होतं, आणि ते मी दिलंय म्हणून मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डबामामा व्हरांड्यातून उचलला आणि शाळेच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली नेऊन ठेवला. कारण काय, तर मोकळी हवा. गावातल्या पोरांना घरून तंबी मिळाली. दोघं-तिघं डोळे बघायच्या नादानं चोरून गेली, त्यांनी घरी मार खाल्ला. मग शिपाईमामा अडून बसले. सकाळी डबा भरायचं काम त्यांचं, पण त्याचं झाकण उघडायला ते तयार होईनात. "आता ते त्यांचं हाय, मी हात कशाला लावू?" म्हणाले. यंत्राला जात नसते, हे मी वहीत लिहिलं होतं. आठ दिवसांत लागली होती. आणि मी काय केलं? मी डबामामाच्या डोक्याला एक मोठं नरसाळं डाख देऊन बसवून घेतलं, म्हणजे शिपाईमामांना हात न लावता लांबूनच पाणी ओतता यावं. वहीत त्यापुढं लिहिलं, 'सुधारणा क्रमांक एक.'

पोरीनं मला एकदाच विचारलं, "ताई, मामाला भायेर का काढलं?"

"तिथं हवा चांगली लागते," मी सांगितलं.

"त्यानं काय केलं व्हतं?"

मी तिला एकोणतीसचा पाढा विचारला. तिनं तो खाडखाड म्हणून दाखवला. पाणी मात्र ती पीत राहिली, तब्येत सुधारली, आणि तिच्या आईनं नाव काढायचा विषय पुन्हा काढला नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. मी मनातल्या मनात जिंकले होते.

तेवढ्यात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आलं, मानवतला, तीन दिवसांचं. आमच्या हायस्कुलानं माझं नाव पाठवलं. डबामामाला पोत्यात गुंडाळून बैलगाडीनं स्टेशनवर आणला, मग रेल्वे, मग टांगा. सोबत बाबा, आणि ओझं उचलायला, पाणी भरायला शिपाईमामा. मानवतला कापसाच्या गाड्यांची ही गर्दी, धुरळा, आणि त्यात आम्ही तिघं एका पत्र्याच्या माणसाला सांभाळत निघालेलो. बघणारे थांबून थांबून बघत होते.

मागं मी तक्ता लावला होता, 'तहानलेल्या बालकांसाठी यंत्रमानव'. बघायला झुंबड उडाली. परीक्षकांपैकी एक गृहस्थ पायट्यावर पाय देऊन पाणी प्याले, रुमालानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मजेशीर आहे. पण ह्याचा उपयोग काय? पाणी तर माठातूनही घेता येतं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर बाबा पुढं झाले. "सर, खेड्यातल्या अडचणी तुम्हाला माहीतच आहेत. ह्या यंत्रामुळं कुठलाही वाद न होता सगळ्या समाजाच्या मुलांची पाण्याची सोय होते."

परीक्षकांना ताबडतोब समजलं. सगळ्यांनाच समजलं, नाव न घेता बोललेलं समजायला आमच्याकडं कुणाला शाळेत जावं लागत नाही. "म्हणजे कुणाचंही मन न दुखवता!" ते म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी सांगितलं, की अशी यंत्रं गावोगाव बसवायला हवीत. मला पहिला नंबर, कप आणि प्रशस्तिपत्र मिळालं. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी टोकावर जाऊन बसले. त्या तीन दिवसांत एकदासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, की डबामामा मानवतला आहे, शिपाईमामाही मानवतला आहेत, आणि ऊन मात्र गावातच आहे.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही गावात पोचलो. शाळेच्या अंगणात रांजणाच्या खापऱ्या पडलेल्या होत्या. व्हरांड्यात अध्यक्ष आणि चार माणसं बसली होती. खाली पायरीपाशी ती बाई पोरीला पोटाशी धरून उभी होती.

काय झालं ते दुसऱ्या गुरुजींनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. पहिला दिवस बौद्धवाड्यातल्या पोरांनी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घरी पळत जाऊन पिऊन आली. वरून पाणी सोडायला दुसऱ्या गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती पोरगी उठली, रांजणापाशी गेली, ओगराळ्यानं पेला भरला आणि प्याली. मग पुन्हा भरून आपल्या गल्लीतल्या दोन बारक्या पोरांच्या हातात दिला. त्यांचं झाल्यावर पेला पालथा घातला, रीतीप्रमाणं. संध्याकाळपर्यंत रांजण फुटला होता.

अध्यक्ष चढ्या आवाजात बोललेच नाहीत. आवाज चढवला असता तर बाबांना कदाचित सोपं गेलं असतं. "गुरुजी, तुमी नव्हता म्हनून झालं हे. लेकरू हाय, आमाला का कळत न्हाई? उद्यापासून यंत्र हाय. तिनं तिथंच प्यावं, एवढं तिच्या आईसमोर सांगून टाका. मिटला विषय."

बाबांच्या हातात अजून माझा कप होता. ते पोरीपाशी गेले, जरा वाकले. "का घेतलंस गं बाळ?"

"मामा गावाला गेला व्हता, गुरुजी," ती म्हणाली. "मला तहान लागली व्हती."

बाबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा व्हरांड्याकडं. मला कळलं होतं त्यांनी काय बोलायला पाहिजे. त्यांनाही कळलं होतं; त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मलाही तोंड होतं की! जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी, तीन दिवस अखंड बोलत होते. मी प्रशस्तिपत्राची गुंडाळी धरून मूग गिळून उभी राहिले.

"उद्यापासून डबामामा आहे," बाबा म्हणाले. "तिथंच पीत जा, बाळ."

बाई एक शब्द भांडली नाही. "नाव काढा गुरुजी. दाखला द्या."

"अहो, आता कशाला? आता तर सगळी सोय झाली."

"सोय तुमची झाली," ती म्हणाली.

बाबांनी दाखला लिहून दिला. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. शाळा सोडण्याच्या कारणापुढं त्यांनी वळणदार लिहिलं, 'स्थलांतर'. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत आणि माझ्याशी बोलले नाहीत. मीही त्यांच्याशी बोलले नाही. आम्ही दोघंही तिच्या आईवर रागावलो आहोत असं घरात दाखवत होतो.

डबामामा पुढं कित्येक वर्षं त्या लिंबाखाली उभा होता. चिमटा गंजला, नळी कडक झाली, नरसाळ्यात साळुंकीनं घरटं केलं. विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं त्या वर्षीही तो तिथंच होता. निवृत्तीला आलेल्या बाबांनी त्याच लिंबाखाली समतेवर भाषण केलं. चांगलं झालं भाषण.

पण मला सांगायचंय ते स्टेशनवरचं. दिवाळीची सुट्टी संपून माझी शाळा सुरू झाली त्या दिवशीची गोष्ट. बक्षीस म्हणून बाबांनी मला नवी वॉटरबॅग घेतली होती, गळ्यात अडकवायची, लाल रंगाची. तिचं झाकण उलटं केलं की त्याचाच पेला व्हायचा. ही युक्ती मला फार आवडली होती. पिंगळीच्या फलाटावर मी परभणीच्या गाडीची वाट बघत होते, आणि बाकाशेजारी खाली गाठोडं घेऊन त्या दोघी बसल्या होत्या. त्यांना उलट्या दिशेची गाडी धरायची होती, पूर्णेची.

"ताई!" पोरगी पळत आली. "मी पूर्न्याला चालले, माझ्या मामाकडं. मामा रेल्वेत हाय. तिथल्या शाळंत नाव घालनार मला." मग जरा हळू आवाजात, "डबामामा बरा हाय का?"

"बरा आहे," मी म्हणाले.

म्हणजे कापूस वेचायला नेलं नव्हतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याबरोबर माझी जीभ सुटली. मी तिच्या आईपाशी गेले. "मावशी, खरं सांगते, मी ते सगळं हिच्यासाठीच केलं होतं हो."

"ठाऊक हाय की, ताई." ती माझ्यावर चिडलेली नव्हती. आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तशी बोलली. "लय मेहनत घेतली तुमी. महिनाभर पत्रा ठोकायलत्या. पोरगी रोज तुमच्या परसात बसायची. त्या महिन्यात एक डाव तिच्या हातात पेला भरून दिला असता, तर एवढं यंत्र कशाला लागलं असतं?"

परस डोळ्यांपुढं आलं, ताकाचा पेला आला, वरून पडणारा पेरू आला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. काहीतरी करायलाच हवं होतं, आत्ताच्या आत्ता.

"ताई, तहान लागली," पोरगी म्हणाली. फलाटावरच्या नळाला पाणी नव्हतं.

"ये, ये, मी देते ना," मी घाईघाईनं म्हणाले. इतका आनंद झाला मला, काय सांगू! वॉटरबॅग काढली, झाकण फिरवून डाव्या हातात धरलं. पोरगी पुढं आली, सवयीनं जरा वाकली, ओंजळ केली. आणि माझा उजवा हात वर गेला. मी वरून धार सोडली. नेमकी ओंजळीत, एक थेंब बाहेर न सांडता. ती घटाघटा प्याली. धार थांबली तसं तिनं फ्रॉकनं तोंड पुसलं, मान वर करून माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि खुदकन हसली.

"ताई, तुमचे डोळे न्हाई लागले!"

तिची आई हसली नाही. तिनं पोरीचा हात धरला आणि गाठोडं उचललं. पूर्णेची गाडी दिसायला लागली होती. मी झाकण परत लावायला गेले. ते आतून कोरडं होतं.